युटामधला सॅन राफेलचा जुना झुलता पूल: वयस्कर वडिलांना घेऊन जायचं आहे, रस्ता कसा आहे?

प्रतापनगरवाली:

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन भावाकडे सॉल्ट लेक सिटीला जाणार आहोत. भावाने फिरायची यादी करून ठेवली आहे, वेगास, यलोस्टोन, सगळं आहे त्यात, पण बाबांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. बाबा पीडब्ल्यूडीत होते, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या नाल्यांवर पूल बांधण्यात त्यांची नोकरी गेली, आणि त्यांना कुठेतरी सॅन राफेल नदीवरच्या झुलत्या पुलाचा फोटो दिसला, 1937 चा आहे म्हणतात, चारी बाजूंनी लाल डोंगर, माणूस नाही काणूस नाही, मधात हा पूल. तेव्हापासून एकच म्हणून राहिले की मला बाकी काही नाही दाखवलं तरी चालते, हे दाखवा.

आता प्रश्न असे की भावाकडे साधी सेडान आहे, वीसेक मैल कच्चा रस्ता आहे असं वाचलं, तर ती जाते का? एका दिवसात सॉल्ट लेकहून जाऊन परत येणं होते का? बाबा 74 चे आहेत, चालतात व्यवस्थित पण चढ जमत नाही, गुडघे आहेत. आणि आईचं टेन्शन वेगळंच आहे, गुजरातेत मोरबीचा झुलता पूल पडल्याची बातमी तिने टीव्हीवर पाहिली होती, झुलता पूल म्हटलं की ती हात जोडते. भाऊ म्हणतो एवढ्याशा पुलासाठी एवढं लांब काहून जायचं, नुसता फोटो काढून परत यायचं आहे. कोणी गेलं असेल तर खरं खरं सांगा प्लीज.

वाळूतला_वऱ्हाडी:

ताई, मी प्रोव्होला राहतो, मूळचा अमरावतीचा, शिकायला नागपूरला होतो, त्या भागात नेहमी जाणं होते म्हणून सांगतो. जा. नक्की जा. पण तुमच्या भावाच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे की पूल पाहायचं म्हणून गेलात तर अर्ध्या तासात पाहून होते, त्यासाठी जायचं नसते, त्या अख्ख्या रस्त्यासाठी जायचं असते, पूल त्या रस्त्याचा भाग आहे. तिथे पूल नसता तर तो रस्ताच नसता.

सॉल्ट लेकहून खाली प्राइस गाव, तिथून कॅसल डेल, इथपर्यंत डांबर आहे आणि दोन-अडीच तास लागतात. कॅसल डेलच्या जरा अलीकडे डावीकडे कच्चा रस्ता फुटतो आणि तिथून पुलापर्यंत वीस-पंचवीस मैल. आधी सगळं सपाट माळरान, काही दिसत नाही, माणसाला वाटते कुठे आणलं, आणि मग बकहॉर्न वॉश, म्हणजे एरवी कोरड्या नाल्याची दरी, सुरू झाला की दोन्ही बाजूंनी खडक वर यायला लागतात, आधी कमरेएवढे, मग घराएवढे, आणि पुलाजवळ पोचता पोचता शेकडो फुटांचे लाल कडे. बाबांना पुढच्या सीटवर बसवा आणि गाडी हळू चालवा.

सेडान कोरड्या दिवसात जाते, रस्ता काउंटीवाले घासून सारखा करतात, थोडा खडखडाट होते फक्त. पण पाऊस झाला असेल, किंवा आदल्या दिवशी झाला असेल तरी, जाऊ नका. ती माती ओली झाली की आपल्या वावरातल्या काळ्या मातीसारखी होते, टायरला थर बसतो, मग टायर फिरते आणि गाडी सरकत नाही, मोठ्या फोर बाय फोर पण आडव्या होतात. आणि दुसरं म्हणजे तो रस्ता वॉशच्या पात्रातूनच जातो, जागोजागी कोरडा नाला ओलांडते. वर कुठे डोंगरात पाऊस पडला तर तुमच्या डोक्यावर ऊन असताना नाल्याला लोंढा येऊ शकते. जुलै ते सप्टेंबर तिथला पावसाचा काळ, ऑक्टोबर तुमच्यासाठी एकदम बरोबर आहे. मे-जूनमध्ये नदीकाठी बारीक चावरी चिलटं असतात ती पण तेव्हा संपलेली असतात.

भाड्याची गाडी घ्यायचा विचार असेल तर करार वाचून घ्या, बऱ्याच कंपन्यांना कच्च्या रस्त्यावर नेलेली चालत नाही. भावाचीच गाडी न्या. कॅसल डेलला टाकी फुल करा. पुढे पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही, प्यायचं पाणी नाही, पुलाजवळ कॅम्पग्राउंड आहे तिथे टॉयलेट आहे पण नळ नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि माणशी एक गॅलन पाणी गाडीत ठेवा, जास्त वाटलं तरी ठेवा. आपण नागपूरची माणसं उन्हाला घाबरत नाही हे माहीत आहे मला, पण तिथे रस्त्याच्या कडेला कडुलिंब नाही, पानठेला नाही, गाडी बंद पडली तर दुसरी गाडी येईपर्यंत जे सोबत आहे तेवढंच आहे.

लोखंड_सिमेंट:

वरचं सगळं बरोबर. मी आईंच्या भीतीबद्दल बोलतो कारण ती भीती बिनबुडाची नाही आणि तिला नुसतं काही होत नाही म्हणून उडवून लावू नये.

मोरबीत 30 ऑक्टोबर 2022 ला जे झालं त्याची कारणं तपासात आली आहेत. मुख्य केबलच्या 49 तारांपैकी 22 आधीच गंजलेल्या होत्या. दुरुस्तीत लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचा डेक (चालायचा तळ) टाकला त्याने वजन वाढलं, डेकला केबलला लटकवणाऱ्या जुन्या हँगरना नवीन रॉड वेल्डिंग करून जोडले, आणि मग सुट्टीच्या दिवशी मोजमाप न ठेवता माणसं सोडली. 135 जीव गेले. हे झुलत्या पुलाच्या तत्त्वाचं अपयश नव्हतं, देखभालीचं आणि गर्दी न अडवण्याचं होतं.

सॅन राफेलचा पूल गाड्यांसाठी बांधला होता. दीडशे फुटांच्या वर एकच गाळा, नदीत खांब नाही. 1990 च्या दशकात बाजूला नवीन काँक्रीटचा पूल झाला आणि हा गाड्यांना बंद केला, आता फक्त पायी जाता येते. म्हणजे जो पूल लोड घेतलेले ट्रक नेत होता त्यावर आता चार-पाच माणसं असतात. आईंना हे एवढंच सांगा. आणि तरी नको वाटलं तर बाजूच्या काँक्रीटच्या पुलावरून हा पूर्ण दिसते, तिथून बाबांचा फोटो पण चांगला येते.

बांधला कोणी ते बाबांना सांगाच. रूझवेल्टने 1933 मध्ये महामंदीत सीसीसी म्हणजे सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर काढलं, बेकार पोरांना कॅम्पमध्ये ठेवायचं, जेवण-कपडे द्यायचे, आणि महिन्याला 30 डॉलर, त्यातले 25 सरळ घरी जायचे. झाडं लावणे, बांध घालणे, रस्ते काढणे, पूल बांधणे. 1942 ला युद्धामुळे बंद झालं. हा पूल त्या पोरांच्या हातचा आहे. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर किती पाझर तलाव आणि रस्ते झाले, तुमच्या बाबांच्या पिढीतल्या इंजिनिअरला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि एक, लोक आपल्या नागपूरच्या रामझुल्याला पण झुलता पूल म्हणतात म्हणून सांगतो. रामझुला केबल-स्टेड आहे, तिथे प्रत्येक केबल टॉवरपासून सरळ तिरपी डेकला जाते. सॅन राफेलला मुख्य केबल एका काठाच्या अँकरपासून, म्हणजे जमिनीत पक्क्या रोवलेल्या टोकापासून, टॉवरवरून झोळ घेत दुसऱ्या टॉवरवर आणि मग पलीकडच्या अँकरला जाते, आणि डेक त्या केबलला उभ्या हँगरनी लटकवलेला असतो. डेकचं सगळं वजन शेवटी दोन्ही काठांच्या जमिनीत ओढ बनून उतरते. म्हणून असा पूल पाहताना मधात उभं राहून फोटो काढण्याआधी टोकाला जाऊन केबल जमिनीत कुठे शिरते ते पाहायचं.

प्रतापनगरवाली:

खूप खूप धन्यवाद दोघांना. सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. रोजगार हमीचं ऐकून ते अर्धा तास बोलत होते, ते सगळं इथे लिहीत नाही. त्यांनी एक प्रश्न विचारायला सांगितला, त्यांच्याच शब्दात टाइप करून राहिली:

"नदी लहान आहे असे फोटोवरून दिसते. एवढ्या नदीला त्या काळात साधा लाकडी किंवा गर्डरचा (तुळयांचा) पूल, मध्ये एक पिअर (खांब) घेऊन, स्वस्तात झाला असता. मग केबलचा का केला? माझा अंदाज असा की पिअर टिकला नसता. आमच्याकडे पर्लकोटा, इंद्रावती या नद्यांना पूर येतो तेव्हा पाण्याने पूल जात नाही, पाण्यासोबत आलेल्या झाडांनी जातो. मोठे सागाचे खोड येऊन पिअरला आडवे होते, त्याच्यामागे दुसरे अडकते, कचरा भरतो, आणि मग तो पूल राहत नाही, तो बंधारा होतो. पाणी वरून जाते आणि खालून पाया खोदते. सकाळी पाहावे तर पिअर कललेला."

मी लहान असताना बाबा पावसाळ्यात रात्री जीपने जायचे आणि सकाळी चिखलाने भरून यायचे, ते काय पाहायला जायचे हे मला आज कळलं.

लोखंड_सिमेंट:

काकांना नमस्कार सांगा. त्यांनी प्रश्नातच उत्तर दिलं आहे.

सॅन राफेल एरवी गुडघाभर पाण्याची नदी आहे, पण फेरॉन, कॉटनवुड आणि हंटिंग्टन हे तीन मोठे ओढे मिळून ती होते आणि तिन्ही वरच्या उंच पठारावरून येतात, तिथे हिवाळ्यात बर्फ साचतो. वसंतात तो वितळतो तेव्हा नदी भरते, आणि उन्हाळ्यात वादळी पाऊस झाला की उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, सगळं एकदम खाली येते, सोबत कॉटनवुडची झाडं, गाळ, दगड. अशा पात्रात खांब नको हे कुठलाही साइटवर काम केलेला माणूस सांगेल. पूल होण्याआधी लोक पात्रातून गाड्या नि जनावरं उतरवायचे, म्हणजे नदी चढली की पलीकडचं सगळं बंद.

दुसरं कारण काकांना पटेल असं वाटते, सामान. जड गर्डर त्या रस्त्यावरून आणणं म्हणजे आधी गर्डर जाईल असा रस्ता करणं. केबल रिळावर गुंडाळून येते, लाकूड तुकड्या-तुकड्यात येते, आणि उभारणीसाठी पात्रात सेंटरिंग म्हणजे तात्पुरता आधार बांधावा लागत नाही, केबल एकदा ओढली की बाकीचं तिलाच धरून वर होते. दुर्गम भागात झुलते पूल जास्त दिसतात त्याचं हे कारण आहे.

आणि काकांना तिथे गेल्यावर केबलचा झोळ डोळ्याने मोजायला सांगा. झोळ कमी ठेवला तर टॉवर बुटके चालतात पण केबलवर ताण वाढतो, झोळ जास्त तर ताण कमी पण टॉवर उंच हवेत, आणि डेक जास्त हलतो. हलणं थांबवायला दोन्ही बाजूंना कडक ट्रस, म्हणजे त्रिकोणांची चौकट, द्यावी लागते. हा पूल बांधून झाल्यावर थोड्याच वर्षांत, 1940 मध्ये, वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल चालू होऊन चार महिने झाले होते आणि वाऱ्याने पिळवटून खाली गेला, कारण डेकला पुरेसा कडकपणा नव्हता. त्यानंतर जगभर झुलत्या पुलांचा हिशोबच बदलला.

संत्रानगरी_ते_फिनिक्स:

उशिरा लिहितोय, पण राहवलं नाही. मी ॲरिझोनात असतो आणि या वाळवंटातल्या पुलांचं मला भयंकर वेड आहे.

सॅन राफेल बघाच, पण बाबांची तब्येत साथ देत असेल तर परतीच्या आधी मोआबजवळ ड्युई ब्रिज पण दाखवा. कोलोरॅडो नदीवर 1916 मध्ये बांधलेला, 500 फुटांचा गाळा, आणि रुंदी फक्त आठ फूट. सहा घोडे, तीन वॅगन आणि 9000 पौंड माल एकावेळी जाईल असा हिशोब धरून केलेला. त्यावरून पुढे किती दशकं मोटारी गेल्या. 2000 साली दुरुस्त केला, आणि 6 एप्रिल 2008 ला बाजूच्या कॅम्पग्राउंडवर एक लहान मुलगा काड्यापेटीशी खेळत होता, झुडपांना आग लागली आणि लाकडी डेक पूर्ण जळून गेला. आता टॉवर आहेत, केबल आहेत, हँगर लोंबत आहेत, आणि मधात काही नाही. रस्त्यावरूनच दिसते, अजिबात चालावं लागत नाही. मला तिथे उभं राहून दरवेळी चीड येते आणि वाईटही वाटते, पण इंजिनिअर माणसाने ते पाहावं, कारण डेक नसताना झुलत्या पुलाचा सांगाडा उघडा पडतो, कुठली तार कशाला धरून आहे ते सगळं कळते. आणि म्हणूनच सॅन राफेलला कॅम्पग्राउंडवर कोणी पुलाजवळ शेकोटी करताना दिसलं तर गप्प बसू नका, जाऊन सांगा.

तिसरा पूल बाबांना फोटोतच दाखवा, गुडघे दुखत असताना तिथे जायचं नाही. ग्रँड कॅन्यनच्या तळाला कैबाब झुलता पूल आहे, लोक ब्लॅक ब्रिज म्हणतात, 1928 चा, 440 फूट. खाली जायला सात मैल आणि साडेचार हजार फुटांवर उतार. बाकी सामान खेचरांवरून नेलं, पण मुख्य केबल 550 फुटांच्या अखंड होत्या, एकेक सुमारे एक टन वजनाची, ती खेचरावर कशी लादणार? मग हवासुपाई जमातीच्या 42 माणसांनी ती खांद्यावर घेतली आणि एका ओळीत, वळणावळणाच्या त्या पायवाटेने खाली नेली. माणशी पंचवीसेक किलो म्हटलं तर फार वाटत नाही, पण विचार करा, पुढचा माणूस वळण घेऊन खाली उतरतोय आणि मागचा अजून दोन वळणं वर आहे, आणि खांद्यावर लोखंड एकच आहे. एक जण घसरला तर सगळ्यांना झटका. सगळ्यांनी पाऊल एकत्र टाकायचं, थांबायचं तर एकत्र थांबायचं. आणि ही ती माणसं ज्यांची त्याच कॅन्यनमधली जमीन पार्कसाठी काढून घेतली होती. तिथल्या एका ठिकाणाला त्यांचं नाव, हवासुपाई गार्डन्स, 2022 मध्ये मिळालं. मी ब्लॅक ब्रिजवरून चालताना केबलला हात लावला तेव्हा इंजिनिअर कोण होता हे मला आठवलं नाही, ही माणसं आठवली.

वाळूतला_वऱ्हाडी:

फिनिक्सवाले भाऊ, मस्त लिहिलं. फक्त ड्युई त्याच दिवशी करू नका ताई, बाबांची दगदग होईल. सॅन राफेल करून ग्रीन रिव्हर गावाला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी मोआबकडून ड्युई. पुलावरून पुढे दक्षिणेला तसाच कच्चा रस्ता वीसेक मैल जातो आणि आय-70 हायवेच्या 131 नंबरच्या एक्झिटला लागतो, म्हणजे आल्या रस्त्याने परत जायची गरज नाही, तिथून पूर्वेला ग्रीन रिव्हर. चुकून पश्चिमेला वळू नका, सलायना गावापर्यंत पाऊणशे मैल काहीच नाही, पेट्रोल पंप पण नाही.

आणि पुलाच्या तीन-चार मैल आधी रस्त्याला लागूनच बकहॉर्नची चित्रं आहेत, ती आईंसाठी. गाडीतून उतरलं की समोर, चढ नाही. दोन हजार वर्षांपेक्षा जुनी. खडकावर गडद लाल रंगात माणसांच्या उंच आकृत्या, खांदे रुंद, खाली निमुळत्या, काहींनी हात पसरलेले आणि त्यातून रेघा खाली सुटलेल्या, लोक म्हणतात पाऊस आहे. जवळ गेलं की रंग खडकाच्या खळग्यात कसा बसला आहे ते दिसते, बोटांनी लावला असावा असं वाटते. मधल्या काळात लोकांनी त्यावर नावं कोरली, गोळ्या झाडल्या, मग 1996 मध्ये युटा राज्याला शंभर वर्षं झाली तेव्हा गावकऱ्यांनी पैसे आणि मेहनत घालून ती साफ करून घेतली. हात लावायचा नाही, आपल्या हाताच्या तेलाने रंग जाते. आईंना हळदकुंकू वाहावंसं वाटेल, माझ्या आईला वाटलं होतं, तिला सांगितलं की नुसता नमस्कार कर, तिने केला.

प्रतापनगरवाली:

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, काय बोलू. भावाला हा सगळा धागा पाठवला, त्याने यादीतून वेगास काढलं आणि ग्रीन रिव्हरचं हॉटेल पाहतो म्हणाला. आई चित्रांसाठी तयार आहे, पुलाचं ती तिथे जाऊन ठरवणार. बाबांनी टेप काढून ठेवला आहे बॅगेत, पंधरा मीटरचा, मी म्हटलं पूल त्याच्यापेक्षा लांब आहे तर म्हणाले फळ्यांची रुंदी मोजायची आहे.

एकच शेवटचं, आदल्या दिवशी पाऊस झाला की नाही हे इथून कसं कळणार? आणि रस्ता चालू आहे का हे विचारायला कोणी असते का तिथे?

वाळूतला_वऱ्हाडी:

प्राइसला बीएलएमचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचं, ऑफिस आहे, ती जमीन त्यांच्याकडेच आहे, सकाळी फोन केला की रस्त्याची अवस्था सांगतात. हवामान सॉल्ट लेकचं पाहू नका, कॅसल डेलचं पाहा आणि पश्चिमेकडच्या डोंगरावरचं पण पाहा, पाणी तिकडून येते. कॅसल डेलमध्ये म्युझियम ऑफ द सॅन राफेल आहे, तिथे थांबून विचारलं तरी चालते, गावचे लोक असतात, आज सकाळी कोण जाऊन आलं हे त्यांना माहीत असते. त्यांनी नको म्हटलं तर त्या दिवशी तिथल्याच क्लीव्हलँड गावाजवळची डायनासोरची खाण उघडी आहे का ते विचारा, बारा हजारांच्या वर हाडं निघाली आहेत तिथे, आणि पूल दुसऱ्या दिवशी करा. ऑक्टोबरात एक दिवस ऊन पडलं की रस्ता बहुतेक वाळून जाते.

टेप मीटरचा आहे ना, तिथे सगळं फुटात लिहिलेलं असते, मीटर आणि फूट दोन्ही असतील असाच न्या.